उलटा हात

नेर रोडवरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात मी दोनदाच गेलो. माझ्या टर्बोच्या गाडीचा दम ट्रॅकवर दोन फेऱ्यांतच संपायचा. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, टर्बोतून इंजिनकडे हवा नेणाऱ्या पाइपवर उलटा हात ठेवला आणि चटका बसला तरी बराच वेळ काढला नाही.

"टर्बो हवा दाबते, दाबली का ते तापते," तो म्हणाला. "गरम हवेत जीव नसते भाऊ. इंटरकूलरवर पानी मारा लागते."

संध्याकाळपर्यंत त्यानं कुठूनतरी छोटा पंप आणून बसवला आणि ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीवर बारीक फवारा सुरू केला.

त्या खेपेच्या शर्यतीत गाडी शेवटच्या फेरीपर्यंत दमली नाही. मला कप मिळाला. काम कुणी केलं, असं लोकांनी विचारलं तेव्हा मी बेशरमपणे "पुण्याला करून घेतलं" म्हणालो. पत्र्याचं गॅरेज सांगायची मला लाज वाटली.

कप दाखवायला गेलो, तर भर मे महिन्यात मिस्त्री घामानं निथळत होता. मागे बॅटरीवर चालणारा त्याचा कूलर कोरडा पडला होता.

"कूलर बंद का?"

"त्याचा पंप तुमच्या गाडीत हाय न. दुसरा आनाचा राहूनच गेला."

मग कपाला उलटा हात लावून त्यानं विचारलं, "तेथं इचारलं काय कोनी, कोनं केलं म्हनून?"

"नाही," मी म्हणालो.

"नसन इचारलं," म्हणत त्यानं कप पुसून परत दिला.

गाडीत बसल्याबरोबर मी एसी लावला.