सुजाताची मामी आणि आमची सहल

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावातून अभ्यासिकेची सहल निघाली आणि आम्ही नऊ मुली घरी राहिलो. कारण काय, तर "सोबत मोठं कोणी नाही." मुलांसोबत तरी कोण होतं? मी तीन पानी पत्रक लिहिलं, गावभर वाटलं. लोकांनी त्यात चिवडा बांधला. तो अन्याय मोडला माझ्या मैत्रिणीच्या, सुजाताच्या मामीने. आणि तिच्याइतकी छळवादी बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरी नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

मामी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची टोळी चालवते. पावसाळ्यात वीस-पंचवीस बाया टेम्पोत घालून गावोगावच्या धानाच्या बांध्यांत न्यायच्या आणि संध्याकाळी एकूण एक परत आणायच्या. चहा उभ्यानेच पिते, आणि कोणी आरामात बसलेला दिसला की त्याला ताप आलाय का म्हणून विचारते. यंदा तिनेच सहल ठरवून द्यावी म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. तिने काहीही ठरवलं नाही, नुसते प्रश्न विचारले. अभ्यासिकेतला आकाश म्हणाला, "मामी, जेवनाचं आमी सगळे मिळून पाहून घेऊ." "सगळे मंजे कोन रे? सगळे नावाचा मानूस मी अजून नाई पायला. नाव सांग!" शेवटी ज्याने जन्मात पाणी तापवलं नव्हतं त्या आकाशच्याच गळ्यात वीस जणांचा मसालेभात पडला, आणि तो आठ दिवस आईच्या मागे चुलीपाशी फिरत होता. फोनवर 'हॅलो'च्या पुढे न जाणाऱ्या प्रज्ञाला गाडी ठरवायला लावलं. पहिला फोन तिने घाबरून ठेवून दिला, दुसऱ्यात गाडी ठरवली, तिसऱ्यात गाडीवाल्याला टायरवरून झापलं.

आणि मला? "तू पत्रकवाली ना वो? तू घरोघरी जा. बोलाचं नाई, आयकाचं." बाकीच्या आठ जणींच्या घरी मी जीभ दाताखाली धरून ऐकलं. सुजाताचे बाबा म्हणाले, "दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी पायजे. एक जरी मांगं रायली, तं पुन्हा सहलीचं नाव नाई काढाचं." मी मान डोलावली.

मामी स्वतः आली नाही. "मी आली तं तुमी माह्याच तोंडाकडे पाहान," म्हणाली. फक्त निघताना आम्हाला रोवणीसारखं रांगेत उभं केलं. "मोजत नोका बसू. आपल्या डाव्या हाताले कोन हाये, तेवढं ज्यानं त्यानं ध्यानात ठेवा."

आम्ही गेलो तो तलाव सुंदर होता, मसालेभात खाली लागला होता, आणि चार वाजता गाडी निघायच्या वेळी एक मुलगी मागे राहिली. ती मी! काठावर पाटी होती : 'मुलींनी पुढे जाऊ नये.' मी तिथल्या चौकीदाराशी भांडत उभी. फोनला रेंज नाही, गाडी सुरू झालेली. तेवढ्यात धापा टाकत प्रज्ञा आली. तिच्या डाव्या हाताला मी होते. "काय वो पोट्टी, पाटी पळून चालली काय? तिकडे सूर्य बुडून रायला!" हॅलोच्या पुढे न जाणारी ही मुलगी! दंडाला धरून तिने मला गाडीत कोंबलं. परतीच्या वाटेवर कोणी गाणी म्हटली नाहीत. सगळे खिडकीतून उजेडाकडे बघत होते.

गावात शिरलो तेव्हा अजून एकाही दारात दिवा लागला नव्हता. सुजाताच्या बाबांनी गाडीत डोकावून पाहिलं. "आल्या काय? हातपाय धुवा." बस्स. एवढ्या दोन वाक्यांसाठी वर्षभर भांडत होते मी. इतकं हलकं वाटलं की रस्त्यातच रडले.

गाडीची वाट बघत थांबलेली मामी माझ्यासोबत घरापर्यंत चालत आली. मग म्हणाली, "कसा दिसते वो तो तलाव? त्याच्या खालच्या बांध्यांत दहा वर्सं रोवणी केली मी. मान वर करून पाहाले कधी टाइमच नाई भेटला."

म्हणून तुम्हाला सांगते : तुमच्या पोरींनी सहल ठरवली तर त्यांना जाऊ द्या. आणि आज रात्री तुम्हाला जेवायला वाढणाऱ्या बाईला विचारा, तुला कुठं जायचंय? ती हसेल, विषय बदलेल. उत्तर मिळेपर्यंत ताटावरून उठू नका.