आधी मामाकडे, मग वाघ

परतूरहून सकाळची पॅसेंजर धरली की ऊन तापायच्या आत औरंगाबादला पोचता येतं. नव्वद सालानंतर लागोपाठ काही उन्हाळे आम्ही हीच गाडी धरून पोरांना शहर दाखवायला नेलं. शहर दाखवायचं म्हणजे तिथली मोठी बाग. बागेत वाघ होता, मोर होते, घसरगुंड्या होत्या आणि लहान मुलांची झुकझुक गाडी होती. ती गाडी एका बोगद्यातून जायची. आमच्या थोरलीचा जीव त्या बोगद्यात अडकला होता. तिच्या वर्गातली एक पोरगी तिथं जाऊन आली होती. आत गेलं की एकदम अंधार होतो आणि सगळी पोरं ओरडतात, एवढंच तिनं सांगितलं, पण आमच्या घरात वर्षभर दुसरा विषय निघाला नाही.

आता आमच्याकडे शहराला जायची एक रीत आहे. तिथं आपलं माणूस असेल तर आधी त्याच्या घरी टेकायचं. न टेकता परत आलात आणि ते कळलं, तर पुढच्या लग्नकार्यात ते माणूस तोंड फिरवून बसतं. आणि कळतंच. आमच्या ह्यांचे सख्खे मामा औरंगाबादला, नोकरी करून तिथंच घर बांधून राहिलेले. मामा-मामी दोघंही जिव्हाळ्याची माणसं. वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाच्या घरून लवकर उठता येतं.

पहिल्या वर्षी स्टेशनात उतरल्या उतरल्या हे म्हणाले, "आधी मामाकडं टेकू, मंग बाग. बाग काय पळून जाऊन राह्यली का?"

रिकाम्या हाती जायचं नाही, म्हणून मी कुरडयांची पिशवी घेतली होती. कुरडया मोडू नयेत म्हणून परतूरपासून ती मांडीवर धरून बसले होते, पायाला मुंग्या आल्या होत्या. मामींनी आम्हाला दारात पाहिलं आणि लगेच पुरणाची डाळ चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढवली. मी पदर खोचला. पाहुणी असले तरी घरची सूनच. मामींनी एकटीनं पोळ्या लाटायच्या आणि मी पंख्याखाली बसायचं, हे शोभलं नसतं. जेवणं होईतो दुपार कलली. मग ऊन उतरू द्या. मग चहा. मग ह्यांची मावसबहीण मागच्याच गल्लीत राहते, तिला कळलं तर? नमनालाच घडाभर तेल गेलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाली.

दुसऱ्या वर्षीही तसंच, पण निदान बागेच्या फाटकापर्यंत पोचलो. वॉचमन कुलूप लावत होता. आतून कसला तरी आवाज आला तसं थोरलीनं माझं बोट घट्ट धरलं.

"आई, वाघ वरडला का?"

"मोर असंल," मी म्हणाले. वाघ म्हणाले असते तर माझं काय गेलं असतं, पण तेव्हा मी इतकी दमले होते की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. लोक शहर बघून येतात. मी मात्र तीन वेळच्या चहाची आणि सकाळपासूनच्या खरकट्याची भांडी बघून येत होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात थोरली पाचवीत जायची होती. पाचवीतल्या पोरांना त्या गाडीत बसू देत नाहीत, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि मला विचारायची, "आई, मी लई उंच दिसते का?" जायच्या दिवशी तिनं मागच्या वर्षीचा, आखूड झालेला फ्रॉक काढून घातला. त्यात लहान दिसते म्हणे. ते पाहून माझं डोकं फिरलं. ह्यांना सांगितलं, "यंदा सरळ बाग. कोणाकडंच टेकायचं न्हाई."

"अन् मामाला कळलं म्हंजे?"

"सांगायला कोण जाऊन राह्यलं?"

कुरडयांची पिशवी मी मुद्दाम फळीवरच ठेवली. गाडीत हात इतके मोकळे होते की कुठं ठेवावेत कळेना.

बागेत शिरलो तेव्हा सकाळच होती. वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता. धाकट्यानं त्याला बऱ्याच हाका मारल्या, त्यानं शेपटीही हलवली नाही. थोरलीला वाघाचं काही नव्हतं. ती झुकझुक गाडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली, गुडघे जरा वाकवून. तिकीट देणाऱ्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपलं अन् धाकट्याचं, दोन्ही तिकिटं तिनं मुठीत धरली आणि माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहिलं.

कुठं जाशी भोगा, तर तुझ्यापुढं उभा. मागून आवाज आला, "अगं बाई! कधी आलात व तुम्ही?"

मामी. सुट्टीला आलेल्या नातीला घेऊन बागेत आल्या होत्या.

"हे काय, आत्ताच," हे म्हणाले. "तुमच्याकडंच निघालो होतो." झुकझुक गाडीच्या रांगेत उभं राहून माणूस असं बोलतो! मामींनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मी तोंड दिलं असतं. पण त्यांचा चेहरा पडला.

"मी तर डाळ निवडून ठेवल्ती," त्या म्हणाल्या. "उन्हाळा लागला, पोरं येतील म्हणून. चला घरी. जल्दी चला, ऊन वाढून राह्यलं."

मी म्हणाले, "मामी, पोरीची एवढी एक चक्कर होऊ द्या. मंग बराबर येतो."

"होऊ द्या की," मामी म्हणाल्या. "मी कुठं न्हाई म्हणले?"

खरंच, कुणी नाही म्हणालं नव्हतं. गाडी समोर येऊन थांबली होती, डबा मोकळा होता. पण थोरली रांगेतून बाहेर आली. तिनं फ्रॉक खाली ओढला, वाकून मामींच्या पाया पडली आणि विचारलं, "आजी, बरं हाय का तुमचं? आजोबांचा गुडघा कसा हाय?" अगदी माझ्यासारखं. मीच शिकवलेलं. मग दोन्ही तिकिटं धाकट्याच्या हातात दिली.

"तू दोनदा बस. मला न्हाई बसायचं."

"अगं, बस की," मी म्हणाले.

"नको. पुरण वाटायचं असंल ना. उशीर व्हईल."

धाकटा एकटा गेला. बोगद्यातून पोरांचं ओरडणं बाहेर आलं तेव्हा ती मामींच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन झाडाखाली उभी होती. तिनं तिकडे बघितलंही नाही.

वाटेत ह्यांनी केळी घेतली, रिकाम्या हाती जाणं बरं दिसत नाही म्हणून. मामींच्या स्वयंपाकघरात थोरली माझ्या शेजारी बसून कणकेचे गोळे करत होती. मामी दोनदा म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय व तुझी." मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं आणि पोळी करपत होती.

निघताना मामींनी रीतीप्रमाणे खण, नारळ आणि पोळ्यांचा डबा असलेली पिशवी माझ्या हातात दिली. परतीच्या पॅसेंजरमध्ये धाकटा बोगद्याच्या गोष्टी सांगून सांगून ह्यांच्या मांडीवर झोपी गेला. जालना मागं पडलं. थोरली बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही तिघंच जा. मी घरी राहीन. भाकरी करून ठेवीन. तू आल्यावर लई थकून जातीस."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिला वाटलं, पिशवी जड झाली. तिनं ती माझ्याकडून घेतली आणि परतूर येईपर्यंत आपल्या मांडीवर धरून ठेवली.