आर्विलकाकाची राखण

आमच्या खोऱ्यात बंदूक नसलेलं घर म्हणजे चूल नसलेलं घर. त्यामुळे ड्रेमामावशी माझ्या दुकानात काडतुसं मागायला आली यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नवल एवढंच, की त्या घरात विकतचं काडतूस कधी आलंच नव्हतं. तिचा नवरा आर्विल ब्लँकनशिप, खाणीतून निवृत्त झालेला, तळघरात बसून स्वतः काडतुसं भरायचा. दुकानातल्या काडतुसांना तो 'आश्रिताची भाकरी' म्हणायचा, आणि म्हणताना मुद्दाम माझ्याकडे बघायचा.

माझ्या दुकानात पुढे खिळे आणि कोंबड्यांचं खाद्य, मागच्या काउंटरवर बंदुका. सल्ला फुकट मिळतो, म्हणून कुणाला नको असतो. "घरात चोर शिरला तर कुठलं काडतूस चांगलं?" असं विचारणारे गडी उत्तर घरूनच घेऊन येतात. त्यांना सगळ्यात जाड छर्रा आणि खोक्यावर कवटीचं चित्र हवं असतं. मी म्हणतो, "बाबा रे, उद्या सरकारी वकील हेच खोकं ज्यूरीपुढे नाचवेल. साधं घे, पोलीस वापरतात तसलं घे." कोण ऐकतो!

मावशीला उलटंच हवं होतं.

"डेन्व्हर, सगळ्यात बारीक छर्रे दे. चिमण्या उडवायचे असतात ना, तसले. माणसाला लागले तरी तो मरता कामा नये."

"कुणाला मारायचंय?"

"कुणाला नाही. म्हणून तर बारीक मागतेय."

ही चूक आमच्याकडे सगळे करतात. लहानपणी शेतात एखादा बारीक छर्रा पाठीत बसलेला असतो, आईनं सुईनं काढलेला असतो, आणि जन्मभर वाटत राहतं की त्यानं काही होत नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, शेताच्या त्या टोकावरून लागलं तर ते खाजवून जातं. स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते छर्रे पांगतच नाहीत. मुठीएवढा गोळा होऊन आत शिरतात. घरात बारीक छर्रा नि जाड छर्रा, मरणारा सारखाच मरतो."

ती स्टुलावर बसली. बाई कधी बसत नाही. गेली कित्येक वर्षं माझ्याशी उभ्यानंच घासाघीस करत आली आहे.

"आर्विलनं मंगळवारी माझ्यावर बंदूक रोखली," ती म्हणाली.

काकाचं डोकं वर्षभरापासून विस्कटत चाललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमध्ये तो मला माझ्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारायचा. पण हे नवीन होतं.

"मी अंडी घेऊन मागच्या दारानं आत आले. हा दुनळी बंदूक घेऊन उभा. म्हणतो, 'बाई, तिथंच थांब. आत माझी बायको निजलीय. तिच्या केसाला धक्का लागला तर बघ.'"

"मग?"

"मग काय! मेला माझ्यावर बंदूक धरून माझीच राखण करत होता. हसू का रडू, कळेना. तशीच मागे सरकत अंगणात गेले आणि परक्यासारखी हाक मारली, 'कोण आहे का घरात?'"

आमच्याकडे रीतच आहे. ओट्यावर पाय ठेवण्याआधी अंगणातून ओरडायचं. जो हाक मारतो तो पाहुणा, जो मुकाट्यानं येतो त्याचं त्याच्यापाशी. काका सगळं विसरला होता, पण रीत विसरला नव्हता. त्यानं बंदूक खाली ठेवली आणि म्हणाला, "या, या, कॉफी टाकलीय." तेव्हापासून मावशी स्वतःच्या घरात शिरताना अंगणातून हाक मारत होती.

मला रागच आला. म्हटलं, "पण ती बंदूक काढून का नाही टाकत?"

"रेनिटा घेऊन गेली होती की." रेनिटा त्यांची मुलगी. "तर हा चुलीतली सळई घेऊन दारात उभा राहिला. जेवेना, निजेना. म्हणे घराला राखण नाही. शेवटी चक्कर येऊन पडला, कपाळ फुटलं. रेनिटानं रडत रडत बंदूक परत आणून दिली. आता रोज संध्याकाळी दोन्ही काडतुसं बाहेर काढतो, हातात तोलतो, पुन्हा घालतो, तेव्हा कुठं घास गिळतो. रिकामी ठेवली तर लगेच कळेल त्याला."

"मावशी, कायदा तुला सांगतो. आपल्याकडे स्वतःच्या उंबऱ्यात उभा राहणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो, खरं आहे. पण न्यायाधीश छर्रा किती बारीक होता ते विचारत नाही. गोळी झाडायला कारण होतं का, ते विचारतो. चाप ओढला की तो जीवघेणाच हल्ला, मग आत मीठ भरलेलं असो की शिसं. त्यात काडतूस घरी भरलेलं. वकील म्हणेल, दुकानातलं पुरेसं भयंकर नव्हतं काय? आणि काकाला काही होणार नाही, त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सुटेल. विचारतील तुला. तुला ठाऊक असताना बंदूक त्याच्या हाताशी ठेवलीस कशी?"

"मला विचारतील? मी जिवंत असले तर ना!" ती फटकन म्हणाली.

मी म्हटलं, की एकच काडतूस आहे जे घरात चालेल. मेलेलं. पुंगळी खरी, शिसं खरं, वजन तेवढंच, पण आत दारू नाही आणि ठिणगी पाडणारी मागची टिकली मुकी. कायद्याच्या लेखी ते काडतूसच नव्हे. फक्त घरातलं जिवंत काडतूस एकूणएक बाहेर निघालं पाहिजे.

"त्याला फसवायचं म्हणजे," मावशी म्हणाली.

"त्याला जेवू घालायचं म्हणजे," मी म्हणालो. तिनं मान हलवली, पण तिचे डोळे भरून आले होते.

रविवारी रेनिटानं बापाला केस कापायला नेलं. मी आणि मावशीनं तळघर रिकामं केलं. काकाच्या जुन्या पुंगळ्या मी दुकानात नेल्या, दोन मुकी काडतुसं भरली आणि त्यांची तोंडं दुमडून घडी घातली. दारूच्या जागी लाकडाचा भुसा घातला, तराजूवर तोलून काकाच्या काडतुसाच्या वजनाला वजन लावलं. काका परतायच्या आत ती खऱ्यांच्या जागी दुनळीत बसवली. हे काम मला कुणी शिकवलं? काकानंच. माझा बाप खाणीत दगावला त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी मला तळघरात बसवून शिकवलं. त्याच्याच हत्यारांनी त्याच्याशी लबाडी करताना माझे हात जड झाले होते, हे कबूल करतो.

पण जमलं. मावशीनं फोनवर सांगितलं, "तोलली, घातली, जेवला. वर घेवडा मागून घेतला." मला अगदी बरं वाटलं.

पानं गळायला लागल्यावर एका दुपारी मी सफरचंदाचा मुरंबा घेऊन गेलो. मावशीला सर्दीनं घसा बसला होता. ती आत झोपली होती. काका ओट्यावर मांडीवर दुनळी घेऊन बसला होता. मी अंगणातून हाक मारली.

"ये, डेन्व्हर," तो म्हणाला. बापाचं नाव नाही, माझं घेतलं. डोळे स्वच्छ होते, पूर्वीसारखे.

मी बसलो. त्यानं दुनळी उघडली, एक काडतूस काढलं आणि त्याच्या तोंडावर अंगठा फिरवला.

"ही घडी तुझी आहे. शेवटच्या दुमडीला अंगठा आधी उचलतोस. कितीदा सांगितलं तुला, गाढवा?"

"काका, ते मावशीनं..."

"आत दारू नाही."

"नाही."

"ठाऊक आहे. काल मी चाप ओढला."

खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं. त्यानं आवाज खाली आणला.

"एक बाई मोरीशी पाठमोरी उभी होती. मुकाट्यानं आत शिरली होती. मी ओढला चाप. नुसतं टक्क झालं. नळ सुरू होता, तिला ऐकू नाही आलं. मग ती वळली, तर ड्रेमा."

मी त्याचा हात धरला. धरवत नव्हता, इतका गार होता.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिचा घसा बसला होता, म्हणून हाक नव्हती मारली तिनं. ती स्वतःलाच दोष देईल."

"नाही सांगणार."

"थांब." त्यानं ते मुकं काडतूस परत नळीत घातलं, दुनळी मिटली आणि कडेला ठेवली. मग उठून दारामागचा शिकारीचा जुना कोट काढला. त्याच्या अस्तरात हात घालून दोन काडतुसं काढली. त्यांच्या तोंडावरच्या घड्यांना एक चुणी नव्हती, इतक्या सरळ. ती त्याची होती. आत खरी दारू भरलेली होती.

त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून वर मिटवली.

"तुम्ही कोट नव्हता बघितला," तो म्हणाला. "मला आत्ता आठवलं. घे आणि ऊठ, जा लवकर. मी विसरायच्या आत."