खिडकीच्या आतलं काम

आमच्या शाळेच्या कचेरीला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीमागे गेली बावीस वर्षं एकच बाई बसतात. मुलं त्यांना खिडकीबाई म्हणतात, आता आम्ही शिक्षकही. चेहरा असा करडा, की चुकीचा अर्ज आणणारा तो न देताच परत फिरतो. मी विज्ञान शिकवतो. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीसुद्धा माझे कागद शिपायाच्या हातीच पाठवायचो.

यंदा वरच्या वर्गातल्या चौघांनी ध्यानाचं ॲप करायचं ठरवलं. परीक्षेच्या धसक्यानं हातपाय गाळणाऱ्या मुलांसाठी, अगदी साधं. फोन मांडीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं. फोन हलला की ॲपला कळायचं. मार्गदर्शक मी, आणि मार्गदर्शकाला कधी गप्प बसवतं का? मी म्हटलं, "जो जास्त शांत बसेल त्याला जास्त गुण द्या. रोज यादी लावा. चुरस असली की मुलं वापरतील." शांत बसण्याची शर्यत! पण मुलांना ते इतकं पटलं, की कुणाला साधं हसूही आलं नाही.

चाचणीला एक्केचाळीस जण बसवले, त्यात खिडकीबाईही. पाच मिनिटांत त्यांनी तीनदा कचेरीतला फोन उचलला, दोनदा "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडल्या आणि शांततेत एक्केचाळिसाव्या आल्या. मी ते शिक्षकांच्या खोलीत चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं.

पहिली आली ती चौघांतली म्होरकी. ती सगळ्यातच पहिली असते. दहा दिवस टिकली. अकराव्या दिवशी, वार्षिक परीक्षा चार दिवसांवर असताना, ती यादीत दुसरी झाली. फोनकडे बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला, श्वास लागला.

"सर, मला धड शांतसुद्धा बसता येत नाही," ती म्हणाली. "मी परीक्षेला बसणारच नाही." आणि प्रयोगशाळेतून पळाली.

मी शाळा पालथी घातली. शेवटी सापडली ती कचेरीत, खिडकीच्या आत. स्टुलावर बसून लखोट्यांवर शाळेच्या पत्त्याचा शिक्का मारत होती. शाईत टेकवायचा, लखोट्यावर दाबायचा, लखोटा बाजूला. खिडकीबाई पलीकडे आपलं लिहीत होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मान वर न करता बोटानं दार दाखवलं. मी निमूट बाहेर थांबलो.

तासाभरानं मुलगी घरी गेली, तेव्हा आत गेलो. "काय म्हणाली?"

"विचारलं नाही."

"असं कसं?"

"विचारणारे कमी आहेत का तिला? मी म्हटलं, लखोटे पडलेत, जरा हात लाव." मग पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, "मी शिक्षिका होणार होते, सर. शेवटच्या परीक्षेत तीन तास कोऱ्या पेपरवर नुसतं नाव लिहून बसले. घरी वडील, काका, आत्या, सगळ्यांचं एकच, असं कसं झालं? मला ठाऊक असतं तर पेपर नसता का लिहिला? आई तेवढी म्हणाली, ये, वाटाणे सोलू लाग. परडीभर सोलले. त्या रात्री झोप लागली."

बावीस वर्षांत त्या स्टुलावर किती मुलं बसून गेली, ते त्यांनी मोजलेलं नाही. आणि अशा बाईंची मी टिंगल केली होती. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलांपुढे कबूल केलं, की यादीची अक्कल माझी होती आणि ती शुद्ध गाढवपणाची होती. म्होरकी आली होती. परीक्षेचं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. तिनं आपल्या हातानं यादी काढून टाकली. गुण गेले, घड्याळ गेलं. आता ॲप उघडलं की लखोट्यांची चळत दिसते. बोट दाबलं की शिक्का उमटतो. हवे तितके मारा, नको असेल तेव्हा थांबा. खिडकीबाईंनी दहा-बारा मारून पाहिले. "बरंय," म्हणाल्या, "पण बोटं काळी होत नाहीत."

परीक्षेच्या सकाळी मी फाटकाशी उभा होतो. घंटा व्हायला दहा मिनिटं उरली तरी म्होरकी दिसेना. अखेर आली, पण वर्गाकडे न जाता कचेरीकडे वळली. संपलं, म्हटलं, आणि मागोमाग धावलो.

जवळ गेल्यावर दिसलं, तिनं खालच्या वर्गातल्या एका मुलीचा हात धरला होता. त्या मुलीचा पेपर दुपारी होता, पण ती आत्ताच हमसून हमसून रडत होती. म्होरकीनं तिला स्टुलावर बसवलं आणि शिक्का तिच्या हातात दिला. खिडकीबाईंनी लखोट्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

मी दारातच उभा होतो. म्होरकीनं मला बाहेर ढकललं, स्वतःही बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"सर, तिला काही विचारू नका हं," ती म्हणाली, आणि पेपर लिहायला वर्गाकडे पळाली.