मापटं घेऊन मुलुंडला

मुलुंडच्या चेकनाक्याला बसमधून उतरले तेव्हा माझ्याबरोबर दोन पोती होती आणि सासूबाईंचा एक हुकूम. कणकवलीजवळच्या आमच्या वाडीतून निघताना त्या म्हणाल्या होत्या, "माल पाठी घेवन येव नको गो. मगे माझा कोण आयकतला?" वाडीतल्या बायकांचा गट त्यांनीच उभा केला होता आणि मुंबईच्या प्रदर्शनात आपलं टेबल लागणार, हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या. एका पोत्यात कुळथाचं पीठ, दुसऱ्यात उकडे तांदूळ, सगळं पिशव्यांत बांधलेलं. प्रत्येक पिशवीच्या लेबलवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'एक मापटं'. मापटं म्हणजे अर्धा शेर. आमच्याकडे धान्य अजून याच भांड्याने देतात, तेही शीग (भांड्याच्या काठावर उभा राहणारा ढीग) लावून.

सकाळची वेळ होती. वस्तीच्या मागे हिरवे डोंगर दिसले आणि मुंबईतही डोंगर असतात याचं मला दर वेळेसारखं नवल वाटलं. एका हमालाला धरून पोती सभागृहात नेली. प्रदर्शनाची व्यवस्था बघणाऱ्या कदमबाईंनी एक पिशवी उचलली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली.

"ताई, हे नाही चालणार. मापटं, शेर, काहीच लिहिता येत नाही. वैधमापनाचा कायदा आहे. पाकिटावर ग्रॅम किंवा किलो पाहिजे."

"पण भांडं तर सगळ्यांचं एकच आहे."

"आमच्याकडे कोण ओळखतं तुमचं भांडं? उद्या उघडायच्या आत लेबलं बदलून आणा. नाहीतर टेबल दुसऱ्यांना द्यावं लागेल. आणि सुटं विकायचं असेल तर सरकारी शिक्क्याचा काटा लागेल."

मला असा राग आला! आमच्या आजेसासूपासून चालत आलेलं माप, आणि म्हणे ओळखत नाही. पण पोती घेऊन परतीची बस पकडायची नाही, हे मी तिथेच पक्कं केलं. रिक्षात पोती कोंबली आणि धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे, घाटकोपरला निघाले.

भांडुपच्या पुढे एका गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि पिठाची एक पिशवी माझ्या मांडीवर फुटली. मी पिठाने माखले, त्यात तोंडाचा पट्टाही सुटला. कायदा, मुंबई, कदमबाई, कोणालाच सोडलं नाही.

रिक्षावाले काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, माझ्या मीटरला पण सील आहे. तेच वजनमापाचं खातं तपासतं. सील तुटलेलं दिसलं तर माझ्याशी कोण भांडेल? तुम्हीच ना?"

मी भांडले असते. पुढचा रस्ता मी पीठ झटकण्यात घालवला.

नंदा भटवाडीत राहते. त्या फुटक्या पिशवीतल्या पिठाची तिने पिठी (कुळथाचं पातळ पिठलं) केली, सोबत भात आणि तळलेला बोंबील. जेवता जेवता तिने तोडगा काढला.

"ताई, सगळ्यांवर अर्धा किलो लिही ना. अर्धा शेर, अर्धा किलो. कोण बघतंय यार?"

मलाही पटलंच होतं. आमच्याकडे कोणीही हेच केलं असतं. तरी सुट्या विक्रीसाठी काटा लागणारच होता, म्हणून दुपारी दोघी मेट्रोने साकीनाक्याला गेलो. मेट्रोतून असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीत घरं बघून मी पोरीसारखी खिडकीला चिकटले. साकीनाक्याच्या दुकानदाराने काट्याचा शिक्का दाखवला. "बघून घ्या, ताई. शिक्का नसेल तर हे नुसतं खेळणं."

घरी येऊन पहिली तांदळाची पिशवी ठेवली. अर्ध्या किलोच्या जरा खाली. मग पिठाची ठेवली. साडेतीनशेच्या थोडं वर! भांडं तेच, पण पीठ हलकं. सगळ्यांवर अर्धा किलो लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाला उघड उघड फसवलं असतं.

मग एकेक पिशवी काट्यावर चढली. दोन पिशव्या सारख्या निघतील तर शपथ. प्रत्येकीची शीग वेगळी. दोन गाठी मारलेल्या पिशव्या सगळ्यांत जड. त्या सासूबाईंच्या, दोन गाठी त्याच मारतात. पिठावर साडेतीनशे ग्रॅम आणि तांदळावर साडेचारशे लिहायचं ठरलं. तांदूळ सगळेच त्यात बसले, पिठाच्या काही पिशव्या मात्र कमी भरल्या.

"जडमधलं काढ आणि कमीत घाल. सगळं सारखं," नंदा म्हणाली. हिशोब सरळ होता, पण माझा हात गाठीवर अडला. मी सासूबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"शीग काढू नको हां गो," त्या म्हणाल्या. "ती आपली न्हय. घेणाऱ्याची."

नंदासाठी मी घरचं पीठ वेगळ्या डब्यात आणलं होतं. तिने स्वतःच तो डबा उघडला. "वाट लागली माझ्या पिठीची," म्हणाली आणि कमी पिशव्या भरायला बसली. मला तिचा फार लोभ वाटला. मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून नवी लेबलं छापून आणली आणि जुनी खरवडून काढली.

सकाळी कदमबाईंनी नेमकी दोन गाठींची पिशवी काट्यावर ठेवली.

"हे तर जास्त भरतंय, ताई."

"जास्त चालतं?"

"चालतं की. कमी नको."

"मग लावते टेबल," मी म्हटलं, आणि आवाज जरा मोठाच निघाला.

परत आले ती दोन रिकामी पोती आणि काटा घेऊन. पोती बघून सासूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी काटा ओटीवर मांडला. मुंबईचा नियम मला आता पटला होता, तो मी त्यांना समजावून सांगितला. अनोळखी माणूस आपलं भांडं ओळखत नाही, त्याला काट्याचाच भरवसा.

त्यांनी पिशवी ठेवली आणि डोळे बारीक करून आकड्याकडे बघत पीठ घालू लागल्या. तीनशे चाळीस. तीनशे पन्नास.

"झालं, आई," मी म्हटलं.

"तुझ्या कायद्याचा झाला," त्या म्हणाल्या, आणि मूठभर पीठ घेऊन त्यावर शीग लावली. मग दोन गाठी मारल्या.