मला न ऐकू आलेली शिट्टी

गळ्यातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर माझा आवाजही गेला. उपासनेत गीत सुरू करणारी मी. आता शेजारच्या बाईलाही माझ्या तोंडाशी कान आणावा लागायचा. पाळकसाहेबांनी शनिवारच्या बालमंडळातले खेळ माझ्याकडे सोपवले. म्हणाले, "प्रभूला तुमच्याकडून दुसरं काम घ्यायचं असेल, बाई." जिला ओरडता येत नाही तिच्या हाती बावीस पोरं! मी रोज पहाटे देवाला विचारायची, हे असं का केलंस? उत्तर येत नव्हतं. खरं सांगते, मी त्याच्यावर रुसले होते, आणि तो आहे तरी का, इथपर्यंत मन गेलं होतं.

आवाजाच्या जागी मी शिट्टी आणली आणि एक खेळ बसवला. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात एका टोकाला कडुनिंब आहे, दुसऱ्या टोकाला कंपाउंडची जुनी दगडी भिंत होती. एक आखूड शिट्टी झाली की निंबाखालून धावत जायचं, भिंतीला दोन्ही हात टेकून डोळे मिटायचे आणि पुतळा व्हायचं. दोन लांब शिट्ट्या झाल्या की धावत परत. मधे जो हलेल तो बाद. पोरांना खेळ फार आवडला. मलाही आवडला, पण का ते सांगायला लाज वाटते. बावीस जीव श्वास रोखून माझ्या एका फुंकरीची वाट बघतात, हे बघून मला माझा आवाज परत मिळाल्यासारखं वाटायचं.

वडीगोद्रीहून मामाकडं शिकायला आलेली रूथ नावाची आठ वर्षांची मुलगी होती. एका शनिवारी सगळे पुतळे होऊन उभे असताना ती एकटीच वळली आणि निंबाकडे धावत सुटली. शिट्टी तर माझ्या हातात होती. मी तिला बाद केलं. ती म्हणाली, "बाई, वाजली की दोनदा. लांब वाजली." पोरं हसली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी मी तिला जवळ घेऊन विचारलं, कुठून वाजली? तिनं देवळाच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. तिच्या कानाशी लागून मी म्हटलं, "खोटं बोलणाऱ्या मुली देवाला आवडत नाहीत." ती निंबाखाली जाऊन बसली. मग मी पोरांतल्या सगळ्यात मोठ्या मुलाकडून सगळ्यांना बजावून घेतलं: शिट्टी फक्त बाईंची, दुसऱ्या कशावरही, कुणाच्याही हाकेवर कोणी हललं तर खेळ बंद.

तिसऱ्या शनिवारी दुपारचं ऊन अजून उतरलं नव्हतं. मी आखूड शिट्टी दिली, पोरं धावली, भिंतीला हात टेकून उभी राहिली. अंगणात इतकी शांतता झाली की निंबातली पाखरंही गप्प बसली. भिंतीपलीकडच्या गल्लीत उसाच्या ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर मागे येत असल्याचा आवाज आला. मग भिंतीला धाडकन धक्का बसला. दगडांच्या सांध्यांतून माती गळू लागली आणि मुलांच्या तळहातांखाली भिंतीचं पोट हळूहळू पुढं यायला लागलं. मी शिट्टी फुंकली. नुसती हवा निघाली. आतला मणी अडकला होता. पुन्हा फुंकली, पुन्हा हवा. ओरडायला गेले तर घशातून फुसफुस. मी धावत सुटले, पण अंगण संपेना. आणि पोरं डोळे मिटून उभीच. भिंत हलतेय हे त्यांच्या हातांना कळत असणार, तरी एकही हललं नाही. मीच तसं शिकवलं होतं. तेव्हा मनात आलं ती प्रार्थनासुद्धा नव्हती. मी एवढंच म्हटलं, "मला नाही जमत. आता तू बघ."

आणि बावीस पोरं एकदम वळली.

कसलाच आवाज झाला नव्हता. निदान मला तरी ऐकू आला नाही. ती माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, पदर त्यांच्या वाऱ्यानं उडाला, आणि समोर भिंत कोसळली. धूळ खाली बसेपर्यंत मी मुलं मोजत होते. दोनदा मोजली, बावीस भरली.

"बाई, आज लई जोरात वाजवली तुम्ही!" मोठा मुलगा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. रूथ हळूच म्हणाली, "बाईंची न्हाई. तिथूनच आल्ती." मी किल्ली काढून देवळाचं कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं. बाकं होती, खिडकीतून पडलेलं ऊन होतं, आणि कुणीतरी नुकतंच बोलायचं थांबल्यावर असते तशी शांतता होती. मला आत पाऊल टाकवलं नाही, मी उंबऱ्यावरच गुडघे टेकले.

आमचे हे म्हणाले, "कुणाच्या घरचा कुकर असंल." असेलही. देवाला कुकर चालत नाही असं कुठं लिहिलंय? पण मग मला का ऐकू आला नाही? ऑपरेशन गळ्याचं झालं, कान शाबूत आहेत. तो बोलत नाही म्हणून मी वर्षभर रुसून बसले होते. तो बोलत होता, आणि जिला ऐकू येत होतं तिला मी बाद करत होते.

पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर मी रूथपुढे बसले आणि तिच्या कानात म्हटलं, "तू खरं बोलत होतीस. मला माफ कर." ती म्हणाली, "बाई, तुम्ही डोळे उघडे ठिवता ना. आमच्यासारखे मिटून उभे ऱ्हावा, मंग येतंय ऐकू."

आता नवी शिट्टी रूथच्या गळ्यात असते. खेळ निंबापासून देवळाच्या पायरीपर्यंत चालतो, आणि पायरीला हात टेकून, डोळे मिटून मीही पोरांच्या रांगेत उभी राहते. प्रभूचे उपकार मानते. ती दुसरी, देवळातली शिट्टी मला अजून ऐकू आलेली नाही. पण पोरं धावली की मीही धावते.