पोलादपूरची भट्टी आणि न दिलेला अर्ज

पोलादपूर सोडले त्या सकाळी वडील मला एसटीच्या दारापर्यंत पोहोचवायला आले, ते पिठाच्या हातांनीच. पाठीवर थाप मारताना माझ्या नव्या सदऱ्यावर त्यांचा पांढरा पंजा उमटला. "पत्र लिही, पण सोप्यात लिही. तुझं वाचायचं म्हणजे मला मास्तर शोधायला लागतो," एवढेच ते म्हणाले. मी नववीतून शाळा सोडलेली होती. तथापि भाषेवरील माझी पकड त्यांनाही मान्य असावी, असे मी समजतो.

जे गावी राहिले आणि जे माझ्याप्रमाणे बाहेर पडले, त्या उभयतांच्या माहितीस्तव कळवितो की, आमची बेकरी बंद झाली आहे.

पनवेलला कचेरीबाहेर टेबल मांडून मी अर्ज लिहितो. वारसनोंद असो वा रेशनकार्ड, माझा मजकूर साहेबलोक शेवटपर्यंत वाचतात. राहावयास सोसायटीत वन बीएचके आहे, लिफ्ट आहे. परंतु कोणी घर विचारले की माझ्या तोंडून बेकरीचाच पत्ता निघे.

आमच्याकडे एक रीत होती. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईस परतण्याआधी डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया घरचे तूप, मैदा आणि साखर घेऊन बेकरीत येत. वडील, आणि त्यांच्यामागे माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, ज्याच्या त्याच्या तुपाची नानकटाई वेगवेगळी भाजून देत. एकीचे तूप दुसरीच्या पिठात कधी गेले नाही. तो डबा मुंबईच्या खोलीत उघडला की वाडीचा वास येई, असे माणसे सांगत.

पुढे महामार्ग रुंद झाला. पूर्वी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारात थांबत, त्या आता खालच्या नव्या रस्त्याने परस्पर निघून जातात. शेजारचे खानावळवाले गेले, तिथे मोबाइलचे दुकान आले. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर दादाचा फोन आला, "भट्टी बंद करतोय. गिऱ्हाईक नाय."

मी रजा टाकावी असा माझा कोणी साहेब नाही; टेबल उचलले आणि निघालो. सोबत माझा आजवरचा सर्वोत्तम अर्ज होता. सेवारस्त्यावर गाड्यांना थांबा मिळावा, अशी सविस्तर मागणी मी त्यात केली होती. खाली दादाची सही तेवढी हवी होती.

"तू म्हणशील तिथं सही करतो," दादा म्हणाला. "मला कुठं वाचायचं हाय?" त्याने पेन घेतलेही.

वहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावले. "भावजी, त्यांची सही घेऊ नका. आडवं पडलं की त्यांना दम लागतो. भिंतीला टेकून झोपतात. डॉक्टर बोलले, पीठ नि धूर सोडा, नायतर छाती जाईल. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून गिऱ्हाईकाचं निमित्त सांगितलं."

मी बाहेर येऊन दादाच्या हातातून पेन काढून घेतले. मजकुरात दुरुस्ती आहे, असे सांगितले.

तेवढ्यात एक मावशी तुपाची बरणी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मावशे, भट्टी बंद केली गो," दादा म्हणाला.

"मग ह्या तुपाचं काय करू? डोक्याला लावू?"

"लाव. केस काळे व्हतील."

"तुझ्या डोक्याला लावते आधी. तिथं केस तरी येतील."

दादा हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबल्यावर मावशी बरणी पदराखाली घेऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे. लाडू वळीन." आणि गेल्या. भट्टी त्यानंतर पेटली नाही.

मला बेकरी हवी होती, कारण मी तिथे नव्हतो. धूर दादाच्या वाट्याला होता आणि वास माझ्या. हे वाक्य मी पुष्कळ विचारांती लिहिले आहे.

यंदा पावसाळा सरल्यावर दादा-वहिनी पनवेलला माझ्याकडे राहावयास आले. आमच्या सोसायटीत सकाळी पाववाला सायकलवर भोंगा वाजवीत येतो. पहिल्याच सकाळी पाहतो तो दादा हॉलमधल्या गादीवर आडवा, चक्क कुशीवर झोपलेला, आणि उजाडून गेले होते. वडिलांच्या हाताखाली गेल्यापासून हा माणूस उजेडात कधी झोपला नसेल. मी चपला हातात घेऊन जिना उतरलो, फाटकाशीच पाववाल्याला गाठले आणि भोंगा वाजवू नको म्हणून हात जोडले. आमच्या घराण्यात विकत पाव आणणारा मी पहिलाच.

चहाला बसल्यावर दादाने पाव मोडून हुंगला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला, आणि दुसरा घेतला.

हल्ली कोणी घर विचारले, तर मी पनवेलचा पत्ता देतो.